मुक्काम पोस्ट विराम खंड

लखनौच्या गोमतीनगरात वस्त्यांना नावं देणाऱ्याचा 'व' या अक्षरावर फार जीव असावा. विनय खंड, विवेक खंड, विकास खंड, विशाल खंड, विपुल खंड! रिक्षावाल्याला पत्ता सांगताना शाळेत शुद्धलेखन घालतोय असं वाटतं. यांतल्याच विराम खंडात तिसऱ्या मजल्यावर माझा आतेभाऊ अण्णा राहतो आणि नोकरी पुण्यात करतो. मार्च २०२० च्या आधी कुणी हे ऐकलं असतं, तर आधी अण्णाच्या रेल्वे पासची चौकशी केली असती.

वहिनी बँकेत. त्यांची बदली लखनौला झाली, तेव्हा अण्णाची कंपनी म्हणाली, "कुठूनही करा, पण करा." त्याआधी टाळेबंदीत अण्णाला एकटेपण कधी जाणवलं नव्हतं, कारण तेव्हा सगळेच घरी होते. अख्ख्या वर्गाला अंगठे धरून उभं केलं की शिक्षेचं कुणाला काही वाटत नाही. पुढे बाकीची मुलं बाकावर जाऊन बसली आणि अण्णा तेवढा ओणवा राहिला.

ही जमात आता गावोगाव झाली आहे. रत्नागिरीत बसून मुंबईची, कोल्हापुरात बसून बंगळुरूची चाकरी करणारे हे लोक ओळखायची खूण एकच. दाराची बेल वाजली की सामान्य माणूस "कोण आहे ते बघ रे" म्हणतो. हा स्वतः धावतो, आणि चुकून वाजली होती हे कळल्यावर त्याचा चेहरा पडतो.

लखनौत अण्णाची पंचाईत दुप्पट. तिथे मराठी माणूस म्हटला की लोकांच्या डोक्यात दोनच खाने. एक गाण्याचा. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज सुरू केलं, पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वाढवलं, आणि आज भातखंड्यांच्याच नावाने तिथे विद्यापीठ आहे. दुसरा खाना गलाईचा. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीची मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळून देतात. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त बाबूजींनी पहिल्याच भेटीत अदबीने विचारलं, "आप गाते हैं?" "जी नहीं." "तो सोने का काम है?" "जी नहीं." "फिर?" अण्णा म्हणाला, "जी, घर पर रहता हूँ." बाबूजींनी मान खाली घातली आणि दुसऱ्याच्या दुःखात आणखी शिरायचं टाळलं.

'रहता हूँ' हीसुद्धा चूकच. लखनौत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. हम आ रहे हैं, हम सो रहे थे. अण्णाला हे फार आवडलं. घरात माणसं नसली तरी व्याकरणात तरी गर्दी! त्याने ते थेट मराठीत आणलं. "आज आम्ही खिचडी टाकली." "आम्ही जरा पडलो होतो." आत्या फोनवर काळजीने विचारायची, "कोण कोण आलंय रे? जागा पुरते ना?" "एकटाच आहे गं आई." "मग आम्ही कोण?"

सुरुवातीला अण्णाने शिस्तीचा उपाय केला. कामाला जाण्याची भावना हवी, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून रोज नऊ वीसला दाढी-आंघोळ करून, पाठीला बॅग लावून तो खाली उतरे, बागेला एक फेरी मारे आणि साडेनऊला परत वर येई. फाटकावरचा चौकीदार जाताना एक आणि येताना एक असे दोन सलाम ठोके. दोन महिन्यांनी त्याने अण्णाला बाजूला घेतलं. "साहब, बुरा न मानिएगा. हमारे साले के कारखाने में सुपरवाइज़र की जगह ख़ाली है."

तेव्हा अण्णाला उलगडा झाला. याची नोकरी गेली आहे आणि बायकोपासून लपवायला बिचारा रोज बॅग घेऊन निघतो, हे सगळ्या सोसायटीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण लखनौची तहजीब! तोंडावर कुणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून वाटीभर खीर आली. जिन्यात एकाने खांदा दाबून "वक़्त है, गुज़र जाएगा" म्हटलं. आपल्याविषयी कुणी एवढा विचार करतंय, या कल्पनेनेच अण्णा गहिवरला. गैरसमज दूर करायला त्याने आणखी आठवडा घेतला. खीर चांगली होती.

मग तज्ज्ञांचे उपाय सुरू झाले. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. विश्रांतीत काय करायचं ते न सुचल्याने अण्णा त्या पाच मिनिटांतही कामच करू लागला. झाडांशी बोला, असंही कुणी सुचवलं. तुळशीशी बोलायची आपल्या बायकांची परंपरा जुनी आहे, पण ती सासूबद्दल बोलायची. अण्णा गॅलरीतल्या मनीप्लांटला कालच्या कामाचा अहवाल देई. त्याची दोन पानं पिवळी पडली.

सकाळी दहाच्या ऑनलाइन बैठकीला तो पाच मिनिटं आधी जाऊन बसे, कुणी गप्पा मारायला भेटेल म्हणून. समोर काळे चौकोन, प्रत्येकात नावाचं आद्याक्षर, सगळ्यांचे माइक बंद, कॅमेरे बंद. "कुणी आहे का?" अण्णा विचारी. शांतता. "असाल तर हात वर करा." एका चौकोनात पिवळा हात उगवे. प्लँचेटवरही याहून जास्त बोलणं होतं.

खरी कमाल लिंबांची. दहा मिनिटांत सामान घरपोच देणारे लोक लखनौतही आहेत, हे कळल्यावर अण्णाने यादी करणंच सोडलं. साडेदहाला दोन लिंबं. बाराला कोथिंबीर. तीनला काडेपेटी. साडेचारला पुन्हा दोन लिंबं. दर खेपेला बेल, दर खेपेला माणूस. लिंबापेक्षा ते आणून देण्याचे पैसे जास्त. अखेर एक दिवस तो पोरगा घाम पुसत म्हणाला, "भइया, एक साथ मँगा लिया कीजिए. हम दिन में चार बार आपकी सीढ़ी चढ़ते हैं." अण्णाने घाईघाईने विचारलं, "पानी पीजिएगा?" वाक्य साधंच, पण ते बोलायला मिळावं म्हणून माणसाने महिनाभर लिंबं मागवली होती. वहिनींनी महिनाअखेर हिशेब काढला आणि एवढंच म्हणाल्या, "एवढ्या लिंबांत आपण अख्ख्या आळीची दृष्ट काढली असती."

वहिनींचं दुखणं अगदी उलटं. दिवसभर काउंटरवर बोलून त्या साडेसहाला घरी येत, तेव्हा त्यांचे दिवसाचे सगळे शब्द संपलेले असत आणि अण्णाचे जसेच्या तसे शिल्लक. "अगं, आज काय झालं माहितेय?" इथून तो सुरू होई. झालेलं काहीच नसे, त्यामुळे सांगायला वेळ लागे. एकदा वहिनी हात जोडून म्हणाल्या, "मला अर्धा तास एकटीला बसू द्या हो." अण्णाला खरोखर कळेना, ही बाई फुकट मिळणारी वस्तू एवढी का मागतेय.

बुद्धिबळाचा नाद लागला तो तेव्हाच. मोबाइलवर, कुठल्याशा अनोळखी माणसाशी. लखनौ आणि बुद्धिबळ म्हटलं की प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' आलीच. १९२४ ची ती कथा. इकडे वाजिद अली शाहचं राज्य इंग्रजांच्या घशात जातंय आणि तिकडे मिर्झा आणि मीर पटावरून मान वर करत नाहीत. अण्णाचंही तसंच, एकदा कंपनीचा सर्व्हर कोसळला तेव्हा हा वजीर वाचवत होता. पण मी गेलो तेव्हा तो वेगळंच बोलला. "अरे, आधी मिर्झाच्या बायकोने डाव उधळला, मग मीरच्या दारात बादशहाचा माणूस आला, म्हणून ते दोघं गोमतीपल्याड पडक्या मशिदीत जाऊन बसायचे. आता त्यालाच खुर्ची भाड्याने घेऊन बसायची जागा म्हणतात. आणि मुख्य म्हणजे, ते दोघं होते."

बाबूजींनी अखेर त्याला हाताशी धरलं. "चलिए, गंजिंग कर आएँ." हजरतगंजच्या पदपथांवर संध्याकाळी उगाच हिंडणं, याला लखनौकरांनी चक्क क्रियापद केलं आहे. "काम क्या है वहाँ?" अण्णाने विचारलं. बाबूजी दुखावल्यासारखे थांबले. "काम हो तो उसे गंजिंग थोड़े ही कहेंगे!" त्या रात्री अण्णाचा मला फोन आला. "ऑफिसात मी काम करायला जात होतो, हा माझा गैरसमज होता रे. पाणी प्यायला उठायचो, वाटेत चार जण अडवायचे, पाणी राहूनच जायचं. काम घरी आलं. ते चार जण तिथेच राहिले."

मग आला बडा मंगल. लखनौत ज्येष्ठातला प्रत्येक मंगळवार हा मारुतीचा मोठा दिवस. अण्णाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात अजून वैशाख होता. उत्तरेत पौर्णिमा झाली की महिना बदलतो, म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. पारा चव्वेचाळीसवर, लू वाहतेय, आणि चौकाचौकांत मांडव टाकून पुरी-भाजी आणि सरबताचे भंडारे. येणाऱ्याला नाव नाही, जात नाही, काम काय करता हेही नाही. अलीगंजच्या जुन्या मारुतीची कथा तर नवाबाच्या बेगमेशी जोडलेली आहे, तिथे कोण कुणाला काय विचारणार!

अण्णा सरबत प्यायला म्हणून खाली उतरला. रांगेत पुढे सरकत सरकत तो मांडवाच्या आतल्या बाजूला कसा गेला, त्यालाही कळलं नाही. कुणीतरी हातात पुऱ्यांची परात दिली. अकराची बैठक सुरू झाली तेव्हा त्याने खिशातल्या मोबाइलवरून हजेरी लावली आणि एका हातात परात असल्यामुळे माइक बंद करायचा राहिला. पुण्यात साहेब तिमाहीचे आकडे वाचत होते, त्यात लखनौहून खणखणीत आवाज आला: "भइया, दो पूड़ी और! सब्ज़ी इधर! अरे, बच्चे को पहले दीजिए!"

आकडे थांबले. काळ्या चौकोनांपैकी एक उजळला. मग दुसरा, मग चार, मग सगळे. वर्षभर ज्यांची फक्त आद्याक्षरं पाहिली होती त्यांना दाढ्या होत्या, चष्मे होते, एकीच्या मांडीवर मूल होतं. अण्णाने कॅमेरा मांडवाकडे फिरवला. साहेबांनी घसा खाकरला आणि विचारलं, "भाजी कसली आहे?"

"बटाट्याची, साहेब."

"रस्सा की सुकी?"

त्या दिवशी आकडे राहिले. तेव्हापासून मंगळवारच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं कुणाच्या डब्यात काय, यावर जातात आणि कुणी माइक बंद करत नाही.

मी गेल्या महिन्यात जाऊन आलो. खोली तीच, खुर्ची तीच, मनीप्लांटला नवी पानं फुटली आहेत. लिंबं आता आठवड्यातून एकदाच येतात, डझनाने.