शिरूरचा चंद्रोदय

सिंगापूरला निघण्याआधी मी यूट्यूब बघून चॉपस्टिक धरायला शिकलो. त्या दोन काड्यांनी मटकी उचलणारा शिरूर तालुक्यातला पहिला माणूस मीच असणार. तिथं माझी अब्रू राखली ती मात्र एसटीनं.

लाउ पा साट हे १८९४ चं, बिडाच्या खांबांचं मार्केट. आता तिथं खाण्याचे स्टॉल आहेत. दुपारची मरणाची गर्दी, तरी काही रिकाम्या टेबलांवर नुसती टिश्यूची पाकिटं! "कुणीतरी विसरलंय वाटतं," बायको म्हणाली. मी गालात हसलो. गाडी फलाटाला लागायच्या आत ज्यानं शिरूर स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकलाय, त्याला हे शिकवावं लागत नाही. रुमाल टाकण्याचं एक शास्त्र आहे. तो धुतलेला नसावा, लोक उचलून बाजूला ठेवतात. मळका असला की कुणी हात लावत नाही. टोपीला वजन जास्त, पण ती परत मिळेलच असं नाही. पोरगं खिडकीतून आत सोडणं हे शेवटचं अस्त्र. बायको दौंडची, जंक्शनवर वाढलेली. तिच्या मते रुमाल हे दारिद्र्य, त्यांच्याकडे जनरल डब्यात अख्खी चादर अंथरतात. शिरूरला रेल्वे नाही, हे मला लग्नापासून ऐकावं लागतंय. सिंगापूरच्या या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोनं २०२० मध्ये वारसा म्हणून मान दिला. आमचा रुमाल अजून फलाटावरच आहे.

मीही पाकीट ठेवून टेबल धरलं. बायकोनं उसाच्या रसाचा भाव वाचला, पासष्टनं गुणला आणि माहेरचा फड आठवून पाणी प्यायली.

रात्रीसाठी नदीकाठचं भारी हॉटेल बुक केलं होतं. नेमकी आईची संकष्टी. रांजणगावचा महागणपती आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे सवलत नाही. बसताच टेबलावर उकडलेले दाणे आले. "बघ, यांनाही उपास ठाऊक आहे," आई खूश. त्या दाण्यांचे, अगदी ओल्या नॅपकिनचेही पैसे बिलात लागतात, हे मी सांगितलं नाही. मी काड्यांत एक दाणा पकडेस्तोवर तिनं वाटी संपवली.

साडेदहाला किचन बंद होणार होतं. चंद्र इमारतींच्या वर चांगला हातभर आलेला. "आपल्याकडं कुठं उगवलाय?" आई म्हणाली. कालनिर्णयात वेळ नऊनंतरची, इथलं घड्याळ अडीच तास पुढं, म्हणजे जेवण मध्यरात्री! चंद्र एकच असतो, हे मी दोनदा समजावलं आणि मग खरोखर चिडलो.

"तुझे वडील तिकडं उपाशी असतील. मी आधी कशी जेवू?"

आमच्या घरात ती कायम सगळ्यांच्या मागून जेवत आली, बऱ्याचदा पातेल्यातलंच. तिला एकदा तरी कुणीतरी गरम वाढावं, यासाठी हे हॉटेल होतं. थाट माझा असला तरी.

मुलीनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. शिरूरला आठही वाजले नव्हते.

"मी मघाशीच जेवलो," वडील म्हणाले. "पोरीनं तिकडच्या चंद्राचा फोटो पाठवला ना. म्हटलं, ही जेवायला बसली असणार. फोटोलाच हात जोडले."

आईनं फोन मुलीकडे दिला आणि ताट पुढं ओढलं.

"मागव काय ते. आणि ते दाणे अजून आणायला सांग, फुकटचे."