अंश किती झाले?

बुलढाण्याच्या घाटाखालच्या रोहिणखेडला लढाया नवीन नाहीत. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरीने खानदेशच्या नसीरखानाला इथेच धूळ चारली. १५९० मध्ये भांडण अहमदनगरच्या गादीचं. एका बाजूला बुऱ्हाण निजामशहा आणि त्याच्या मदतीला खानदेशचा राजा अलीखान, दुसऱ्या बाजूला जमालखान. जमालखान पडला तोही इथेच. गादी नगरची, मदत खानदेशची, तुडवलं गेलं ते शिवार मात्र रोहिणखेडचं. सध्या तोच प्रकार ओसरीवरच्या खाटेवर चालतो. गुडघा आईचा, हुकूम पुण्यातल्या लेकांचे.

गुडघेबदल करून आई घरी आली की घरात एकच प्रश्न उरतो: अंश किती झाले? पोराला दहावीत टक्के किती पडले हे ज्या सुरात विचारलं जायचं, त्याच सुरात. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो. थोरला म्हणतो, नव्वद झाले का? धाकटा म्हणतो, मित्राच्या आईचे एकशे दहा झाले. सून कॅमेरा गुडघ्यावर धरते. आईचा चेहरा दिसला नाही तरी कोणाचं काही अडत नाही.

तेवढ्यात शेजारीण येते. "काकू, टोंगळा वाकते का आता? माह्या बहिणीचा त पंधरा दिवसातच वाकला व्हता." या बहिणी गावोगाव असतात. त्यांना कधी दुखत नाही, सूज येत नाही, पंधराव्या दिवशी त्या जिना चढतात आणि विसाव्या दिवशी पंढरपूरला निघतात. काकूंनी एकदाच उत्तर दिलं म्हणे: "मंग तिलेच आन इथं, माह्यावाला टोंगळा वाकवाले."

व्यायाम नकोत असं कोणी म्हणत नाही. नवा सांधा बसवला तरी भोवतीचे स्नायू आणि आवरण जुनंच असतं. हलवलं नाही तर आत घट्ट ऊती जमतात आणि गुडघा आखडतो. म्हणून खाटेवर टाच सरकवत मागे आणायची, मांडी आवळून धरायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. घोटा वरखाली करायचा तो पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. काही आठवड्यांत वाक आलाच नाही तर डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवतात. घरात मात्र या उपायाचा धमकी म्हणूनच जास्त वापर होतो: "करत नाहीस ना, मग भूल देऊन वाकवतील!"

गंमत अशी की ज्या आकड्यासाठी हा सगळा छळ, तो आकडा कशाला लागतो हे घरात कोणाला ठाऊक नसतं. सपाट चालायला साधारण सत्तर अंश पुरतात. जिन्याला नव्वदच्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला शंभराच्या थोडं वर. आणि वाकण्याइतकाच गुडघा पूर्ण सरळ होणंही गरजेचं असतं, नाहीतर माणूस कायमचा लंगडत चालतो. पण सरळ होण्याचे मार्क कोणी विचारत नाही. उलट माया उतू जाऊन गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली जाते. आईला बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेत तसाच मुरतो. अंशासाठी रागावणाऱ्या घरात ही उशी कोणी काढून घेत नाही.

मग दाखला निघतो वाजपेयींचा. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी केली. जून २००१ मध्ये उजवाही बदलला आणि जुलैच्या मध्यावर ते मुशर्रफांशी बोलायला आग्र्याला हजर. गुडघा वाकला, वाटाघाटी वाकल्या नाहीत, तो भाग वेगळा. "एवढा पंतप्रधान माणूस करू शकतो, तुला काय झालं?" अहो, पंतप्रधानांच्या दिमतीला डॉक्टर होते, थेरपिस्ट होते, आणि त्यांना परतून कापूस वेचायचा नव्हता.

खरं दुखणं इथे आहे. ज्या बाईने उभं आयुष्य निंदण-खुरपण, वेचणी, चूल, सारवण उकिडवं बसून काढलं, तिचा गुडघा झिजायला त्या बसण्याची मदतच झाली नाही असं कोण म्हणेल? आता डॉक्टर सांगतात, जमिनीवर बसू नका, उकिडवं तर नकोच. घरी आल्यावर तिने बसायचं कुठे? जेवण जमिनीवर, देवघर जमिनीवर, भाजी निवडणं जमिनीवर. २०१४ नंतर स्वच्छ भारतच्या बारा हजारांत गावोगाव संडास बांधले गेले, आणि त्यात बसवलं ते उकिडवं बसायचं भांडं. नव्वद अंशाच्या गुडघ्याने तिथे काय करायचं, याचं उत्तर ना अनुदानाच्या कागदात आहे, ना व्हिडिओ कॉलवर. म्हणून ती पाणी कमी पिते. मग बद्धकोष्ठ, मग चक्कर, मग व्यायामाला अंगात त्राण नाही. मग पुण्याहून पुन्हा: "आई, मनावर घेत नाहीस तू."

सरकारने धातूचा भाव बांधला, हे चांगलंच केलं. १६ ऑगस्ट २०१७ ला कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरल्या. कोबाल्ट-क्रोमचा, सर्रास वापरला जाणारा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. पण गुडघा बसवून झाल्यावरचे महिने कोणत्याच यादीत बसत नाहीत. थेरपिस्ट गाठायचा तर वर बुलढाण्याला, म्हणजे घाट चढून. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पायरी मात्र पूर्ण उंचीची. खासगी गाडी करावी तर एका फेरीच्या भाड्यात आठवड्याचा किराणा येतो. म्हणून थेरपिस्ट दोनदा भेटतो आणि पुढचं काम घरातले हौशी लोक हातात घेतात. कोणी पाय धरून जोरात दाबतो. कोणी मालिशवाल्याला बोलावतो. ताज्या टाक्यांच्या गुडघ्यावर तेल चोळणारा हा गृहस्थ "नस बसली आहे" असं निदान करतो आणि चहा पिऊन जातो.

व्यायामाआधी डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनेची गोळी, नंतर पंच्यात गुंडाळलेला बर्फ, दिवसातून थोडं थोडं आणि बरेचदा. इतकं साधं आहे ते. सूज महिनोन्‌महिने राहू शकते, गुडघा आपलासा वाटायला वर्षही लागतं. व्यायामाच्या वेळी ताण बसून दुखणार, विश्रांतीनंतर ओसरणार. पण पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखम लाल होऊन वाहू लागली, ताप आला, दम लागला, तर "सहन कर" म्हणणाऱ्याला गप्प बसवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे शेजारणीच्या बहिणीला झालं नव्हतं, म्हणून तुम्हालाही होणार नाही असं नसतं.

एवढा धाक घालायचाच असेल तर तो घराला घाला. खाट उंच करा. हात असलेली खुर्ची आणा. संडासात धरायला दांडा ठोका. पुण्यातल्या लेकांनो, येत्या रविवारी आईला अंश विचारण्याआधी जवळच्या मोताळ्याच्या दुकानात फोन लावा आणि कमोड बसवून द्यायला किती घेणार, तेवढं विचारा.