डोंबिवलीत सोनं कसं काढावं?

रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर सोनं धुण्याचे व्हिडिओ पाहून ज्यांची झोप उडाली आहे, अशा ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. व्हिडिओत एक दाढीवाला परदेशी गृहस्थ ओढ्यातली वाळू ताटात घोळवतो आणि बघता बघता काळ्या रेतीच्या शेपटाशी पिवळी रेघ उमटते. इकडे घरात लग्न ठरलेलं, पेपरातला सोन्याचा भाव रोज मोठ्याने वाचला जातोय, आणि उल्हास नदी तर रिक्षाच्या अंतरावर. तेव्हा ‘मग आपण का नाही?’ हा प्रश्न रास्तच आहे.

पायरी पहिली : जडपणा ओळखा

सोनं पाण्याच्या 19.3 पट जड असतं, गारगोटी 2.65 पट, आपला काळा कातळ तिनाच्या जरा आतबाहेर. हे सगळं पाण्यात बुडवलं की प्रत्येकाच्या वजनातून त्याच्या आकाराच्या पाण्याचं वजन वजा होतं. सोन्याचे उरतात 18.3 आणि गारगोटीचे 1.65. हवेत जो फरक सात पटींचा होता तो पाण्यात अकरा पटींचा झाला. म्हणूनच सोनं पाखडत नाहीत, धुतात. खाणीतले अभियंते दोन खनिजं निव्वळ वजनावर वेगळी होतील का, हे याच भागाकाराने ठरवतात. उत्तर अडीचच्या वर आलं की काम सोपं समजायचं. अकरा म्हणजे पोरखेळ.

हा पोरखेळ मराठी स्वयंपाकघराला कधीपासून येतो. तांदूळ रोळताना भांड्यात पाणी घालून हलवायचं, वर आलेले तांदूळ पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात सोडायचे, तळाला खडे राहतात. सोन्यासाठी कृती हीच, फक्त तांदूळ फेकायचे आणि खडे जपायचे. ज्यांच्या घरी रोळलेल्या तांदळाच्या भातातही दाताखाली खडा येतो, त्यांनी इथेच थांबावं. तो खडा म्हणजे त्यांचं वाहून गेलेलं सोनं.

दोन गोष्टी मात्र व्हिडिओवाला सांगत नाही. एक, माल आधी चाळून घ्यावा लागतो, कारण मोठा दगड आणि बारीक सोनं पाण्यात सारख्याच वेगाने तळ गाठू शकतात. कण सारख्या आकाराचे असतील तरच वजन आपलं काम करतं. दुसरी गोष्ट, सोन्याचा पापुद्र्यासारखा चपटा कण बुडतच नाही. पाण्याच्या पृष्ठताणावर तो आरामात तरंगतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत काठावरून निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. सगळ्या पाठात घरात खात्रीने असलेली वस्तू एवढीच.

पायरी दुसरी : उपकरण निवडा

सर्वात स्वस्त उपकरण म्हणजे ताट. बांधकामावरचं घमेलंही चालेल, पण ते तेलकट नको. त्याच्या वरची पायरी पन्हळ. उतारावर लाकडी किंवा लोखंडी पन्हळ ठेवायची, तळाला आडव्या पट्ट्या आणि खाली खरखरीत गालिचा अंथरायचा, वरून पाणी आणि वाळू सोडायची. जड कण पट्ट्यांच्या आडोशाला बसतात. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडचे लोक मेंढीच्या लोकरी कातड्यात नदीतलं सोनं अडकवत, असं स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. गालिचा ही त्याचीच पुढची आवृत्ती.

खऱ्या हौशी माणसाचा जीव मात्र हलत्या टेबलावर जडतो. हे टेबल 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आर्थर विल्फ्ली यांनी तयार केलं, आणि आजही जगभरच्या खनिज कारखान्यांत ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. किंचित उताराच्या फळीवर बारीक रेघांच्या पट्ट्या असतात. फळी हळू पुढे जाते आणि झटक्याने मागे येते. आडवं पाणी हलका माल पट्ट्यांवरून खाली धुऊन नेतं, आणि जड माल पट्ट्यांच्या आडोशाने झटक्याझटक्याने लांबच्या टोकाला सरकतो. टेबल नीट लागलं असेल तर त्यावर रंगांचे पट्टे उमटतात. राखाडी गारगोटी, मग काळी लोहरेती, आणि अगदी कडेला पिवळी रेघ. बघायला फार देखणं असतं. माणसं टेबल विकत घेतात ती याच देखण्या रेघेपायी.

आता ते वन बीएचकेत कुठे ठेवायचं याचा विचार करा. टेबलाला पक्का, समपातळीचा पाया लागतो. गॅलरीला पावसाचं पाणी जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, म्हणजे गॅलरी बाद. मोटर दिवसभर धडधडणार, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच दिवशी वर येतील. पाणी अखंड लागतं, आणि ते एकाच दाबाने. आपल्याकडे महापालिकेचं पाणी ज्या दाबाने आणि ज्या वेळी येतं, ते पाहता टेबल पहाटे लावावं लागेल. टँकरच्या पाण्यावर सोनं काढायचं, तर हिशेबात टँकरही धरा.

अगदी पिठासारखं बारीक सोनं टेबलावरूनही निसटतं. त्यासाठी नेल्सन काँसंट्रेटर नावाचं फिरतं भांडं असतं. त्याच्या वेगामुळे कणांना गुरुत्वाकर्षणाच्या साठ पट जोराने भिंतीकडे ढकललं जातं. ते कारखान्यासाठी असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याचा विषय काढू नका.

पायरी तिसरी : माल दळा

खाणीतलं सोनं बहुतेकदा दगडाच्या पोटात अडकलेलं असतं. दगड मैद्याइतका बारीक केला नाही तर ते सुटत नाही, आणि सुटल्याशिवाय वजनाचं तत्त्व लागू होत नाही. पिठाच्या गिरणीवाला या कामाला नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे.

पायरी चौथी (जी खरं म्हणजे पहिली असायला हवी होती) : माल कुठे आहे ते पाहा

सगळे व्हिडिओ ही पायरी गाळतात. यंत्र सोनं तयार करत नाही. ते फक्त असलेलं सोनं नको असलेल्या मातीपासून वेगळं करतं. आणि आपण बसलोय दख्खनच्या काळ्या कातळावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून तो झाला. त्यात सोनं आहे, नाही असं नाही. पण ते टनामागे काही मिलिग्रॅम, आणि तेही असं विखुरलेलं की हाती येणं नाही. एका तोळ्यासाठी हजारो टन कातळ फोडायला हवा. तसा तो फोडूनही झाला आहे. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली ती पारसिकच्या डोंगराला भोकं पाडून, आणि 1916 साली त्याच डोंगरातून लांब बोगदा काढला. त्या कातळातून निघाली ती फक्त खडी.

उल्हास नदी राजमाचीच्या बाजूने येते, कर्जत-बदलापूर करत कल्याणला पोचते, आणि वाटेत तिला भेटतो तोही हाच कातळ. तिच्या रेतीत काळे कण दिसतील. परदेशी व्हिडिओत काळी रेती दिसली की सोनं जवळ आल्याची खूण मानतात. इथे काळी रेती म्हणजे निव्वळ कातळाचा चुरा. फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवा, बरीचशी चिकटून येईल. चमकणारं काही दिसलंच तर सावलीत न्या. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं, अभ्रक उन्हाबाहेर विझतं. वालधुनी नदीत रंग दिसले तर ते भूगर्भशास्त्राचे नव्हेत, कारखान्यांचे. डोंबिवलीत 2014 साली पाऊस हिरवा पडला आणि 2020 साली रस्ता गुलाबी झाला. पिवळं मात्र अजून काही निघालेलं नाही.

शिवाय खाडीतून रेती काढताना पकडले गेलात, तर तहसीलदारांना ‘साहेब, रेती नाही, सोनं शोधत होतो’ हे सांगून पाहा. मुंब्र्याच्या आणि डोंबिवलीच्या रेतीबंदरांवर सक्शन पंप लावून रात्री रेती उपसणारे फार होऊन गेले, त्यामुळे साहेबांचा विश्वास बसणार नाही. बसला तर आणखी वाईट. रेती हे गौण खनिज, सोनं हे प्रमुख खनिज, आणि 1957 च्या खाण कायद्यानुसार परवानगी दोन्हींना लागते.

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जमिनीतून सोनं निघालं होतं, हे मात्र खरं. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंड्यांत सोन्याचा करंडाही होता आणि सोन्याची फुलंही. पण ते दूरवरून आलेलं, श्रद्धेने पुरलेलं सोनं होतं, आणि सोपारा आता पालघर जिल्ह्यात गेला.

खाणीतलं सोनं पाहायचं तर कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीला जायला हवं. मराठवाड्यासारखाच तोही मुलूख पूर्वी निजामाचा. तिथल्या मस्कीत 1915 साली सोन्याच्या शोधात असलेल्या बीडन नावाच्या अभियंत्याला शिलालेख सापडला, आणि ‘देवानांपिय’ म्हणजे अशोकच, यावर त्या लेखाने शिक्कामोर्तब केलं. सोनं शोधायला निघालेल्या माणसाची यापेक्षा मोठी कमाई माझ्या वाचनात नाही. आपल्या राज्यात जुने, सोनं धरणारे खडक आहेत ते पूर्व विदर्भात. तिथे वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची रेती धुऊन कण वेचणारे सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांच्याकडे टेबल नव्हतं. लाकडी पाटी होती, आणि कोणत्या वळणावर पुराने माल टाकलाय हे कळण्याची नजर होती.

थोडा हिशेब करू. चार ग्रॅम प्रतिटन हे खाणीचं ठीकठाक खनिज. पंधरा किलोच्या बादलीत त्यातले साठ मिलिग्रॅम आले, म्हणजे अर्धी गुंज. तोळ्याला शहाण्णव गुंजा. म्हणजे एका तोळ्यासाठी जवळजवळ दोनशे बादल्या, तेही एक कण न सांडता, आणि खनिज हट्टीहून डोंबिवलीला आणून.

पायरी पाचवी : तयार खनिज

मग ठाण्या-डोंबिवलीत सोन्याचं खनिज नाहीच का? आहे, आणि कुठल्याही खाणीपेक्षा भरघोस आहे. ते सोनारकामाच्या खोल्यांतल्या फरशीवर आहे.

कानस चालते तेव्हा भुगा उडतो. डाग लावताना, झळाळी देताना, घासताना सोनं हाताला, कपड्याला, केसांना लागतं. म्हणून कारागीर हात धुतात ते पाणी फेकत नाहीत, साचवतात. केर टाकत नाहीत, डब्यात भरतात. जुनी पायपुसणी आणि चटई जाळून राख ठेवतात. एवढं करूनही थोडं सोनं चपलांना लागून उंबरा ओलांडतं आणि पेढ्यांसमोरच्या रस्त्यावर, तिथून गटारात जातं. गटार हीच मग पन्हळ होते. पाणी हलका गाळ पुढे नेतं, जड कण तळाच्या खाचेत बसतात.

हा माल धुणाऱ्याला झारेकरी म्हणतात. मुंबईत झवेरी बाजारात पहाटे झाडू आणि घमेलं घेऊन रस्ता झाडणारी माणसं पालिकेची असतात असं नाही. झारेकरी सोनाराकडून केर विकत घेतो, आणि भाव ठरवतो तो केराचा अंदाज घेऊन. माल वाळवायचा, जाळायचा, कुटून चाळायचा, पाटीत धुवायचा, लोहचुंबकाने कानशीचं लोखंड काढायचं. पुढे शोऱ्याच्या आम्लात चांदी-तांबं विरघळवायचं आणि उरलेलं टाकणखार घालून मुशीत आटवायचं. विल्फ्लीचं टेबल ज्या कामासाठी मोटर मागतं, ते तो मनगटाच्या हेलकाव्याने करतो. त्याचा माल अवघड आहे, हेही लक्षात घ्या. दागिन्याचं सोनं शुद्ध नसतं, बावीस कॅरेटचं वजन पाण्याच्या अठरा पटींच्याही आत येतं, आणि कानशीचा भुगा चपटा, तरंगणारा. पुस्तकातला पोरखेळ इथे संपतो.

नवशिक्याने यातलं काय करावं? केर धुण्यापर्यंत खुशाल करा. आम्ल घरात आणू नका, त्याचा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो, आणि ते कित्येक तासांनी जाणवतं, तोवर उशीर झालेला असतो. पारा तर मुळीच नको. सोनं पाऱ्यात चटकन मिसळतं, मग तो तापवून उडवला की सोनं उरतं, हे खरं. पण उडालेला पारा तुमच्याच खोलीत राहतो. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराला भारताने 2018 साली मान्यता दिली ती उगाच नाही. आणि गटाराच्या चेंबरमध्ये कुणीही, कुठल्याही आमिषाने उतरू नये. तिथला वायू वास यायच्या आत माणूस पाडतो. 2013 च्या कायद्याने कुणाला विनासाधन गटारात उतरवणं हा गुन्हा आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

तेव्हा हलतं टेबल मागवलं असेल तर परत पाठवा, परतीची मुदत संपायच्या आत. शिकायचंच असेल तर एखाद्या झारेकऱ्याला शिकवणीची फी देऊन चार पहाटे त्याच्याबरोबर बसा. सराफांनीही केराचा भाव पाडून घेण्याआधी त्याला रबरी हातमोजे आणि गमबूट घेऊन द्यावेत. आणि शिकून झाल्यावर पेढीसमोरचं गटार त्याच्यासाठी सोडा. त्याचं पोट त्यावर आहे, तुमची हौस ताटभर वाळूवरही भागेल.