शिहान सरांना, एका ब्लॅक बेल्टच्या आत्याकडून

प्रति,
शिहान, रेन्शी, ग्रँडमास्टर, इंटरनॅशनल चीफ इन्स्ट्रक्टर (भारत, नेपाळ व कळवा शाखा) सर यांस,
शाळेचा हॉल, परळ.



पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारपासून आमच्या घरात एक ब्लॅक बेल्ट राहतो. वय वर्षे नऊ. दुधावरची साय काढून दिल्याशिवाय दूध पीत नाही, रात्री मोरीपर्यंत जायला सोबत मागतो, आणि लिफ्टमध्ये शेजारच्यांचा पोमेरेनियन शिरला की माझ्या ओढणीआड लपतो. नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला आहे. मध्यभागी हाताची घडी घालून तो, उजव्या कोपऱ्यात तुम्ही, डाव्या कोपऱ्यात नगरसेवक होऊ घातलेले भाऊ, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या बहुतेकांना हा पोरगा कुणाचा हे विचारावं लागेल.

हे तक्रारीचं पत्र आहे असा कृपया गैरसमज करून घेऊ नये. करून घेतलात तरी चालेल.

पालकांना परीक्षेच्या वेळी तुम्ही आत घेत नाही. पण प्रमुख पाहुणे उशिरा येणार असल्याने खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या, म्हणून आम्हाला बोलावलंत. ती तुमची चूक झाली, सर. मी सगळं पाहिलं. हेइआन शोदान हा शोतोकान शैलीचा पहिला काता, नव्या पोराला आधी हाच शिकवतात. त्याची पहिली हालचाल डावीकडे वळून खाली अडवण्याची. एवढं मलाही ठाऊक आहे, कारण घरात फ्रिज आणि कपाटाच्या मधल्या जागेत तो माझ्यासमोरच घोटला गेला आहे. भाचा उजवीकडे वळला. तुमची भुवई हलली, तसा डावीकडे वळला. अर्ध्यात विसरला, तेव्हा शेजारच्या मुलाकडे बघून पुढे गेला. शेजारचा मुलगा भाच्याकडे बघून करत होता. दोघंही ब्लॅक बेल्ट झाले. नंतर माइकवर निकाल सांगितलात: शंभर टक्के उत्तीर्ण. कावीळ होऊन अंथरुणाला खिळलेला एक मुलगा परीक्षेला येऊच शकला नव्हता, तोसुद्धा उत्तीर्ण. त्याच्या वडिलांनी बेल्ट आणि सर्टिफिकेट घरी नेलं.

दर नव्या बॅचला तुम्ही एक गोष्ट सांगता. पूर्वी म्हणे शिष्याला एकदाच पांढरा पट्टा मिळायचा, आणि वर्षानुवर्षांच्या घामाने, धुळीने तो मळत मळत काळा व्हायचा. पोरं आ वासून ऐकतात. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. जिगोरो कानो या शिक्षकाने 1882 साली टोकियोत ज्यूदोचं कोदोकान काढलं, आणि पुढच्या काही वर्षांत दान, म्हणजे वरची श्रेणी, मिळालेल्या शिष्यांना काळा पट्टा बांधायला लावला, गर्दीत ओळखू यावेत म्हणून. दानाची कल्पना गो नावाच्या पटावरच्या खेळातली. ओकिनावाच्या कराटेत तर हे काहीच नव्हतं. शोतोकानचे फुनाकोशी तिथून टोकियोला आले, कानोंची रीत त्यांनी पाहिली, आणि 1924 साली आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा ही सगळी रंगपंचमी युरोपातली, पॅरिसला ज्यूदोचे शिक्षक कावाइशी यांनी 1935 नंतर तिची घडी बसवली. आणि कराटेच्याच गोजू-र्यू शैलीचे चोजुन मियागी? 1953 साली ते वारले तोवर त्यांनी एकाही शिष्याला दान दिला नव्हता. बिचाऱ्यांकडे फ्लेक्सची सोय नव्हती.

मळण्याचंच म्हणाल तर आमच्या पोरांच्या बेल्टला मळायला वेळ मिळतो कुठे? दर तीन महिन्यांनी नवा. लोकलचा तिमाही पास काढावा तसा पालक बेल्ट काढतात. पोरगं कुठे पोचलं हे कुणी विचारत नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे होतं. जगातली सगळ्यात भारी माणसं मॅटवर आली तेव्हा एकाच्या कमरेला लाल पट्टा होता आणि दुसऱ्याच्या कमरेला निळा. नियमच तसा आहे, पंचांना दोघं वेगळे दिसावेत म्हणून. स्वतःचा दान काय असेल तो बॅगेत ठेवून यायचा. हे मी टीव्हीवर पाहिलं तेव्हा वाटलं, चूक होतेय, आमच्या सरांना कळवायला हवं.

आणि हे कुणाला शिकवताय, तर गिरणगावाला? माझे आजोबा सातारकडचे, गिरणीच्या साचेखात्यात कामाला. पाळी सुटली की तालमीत. तिथे कमरेला लंगोट, तोही सगळ्यांचा सारखाच. कोण मोठा ते मातीत उतरल्यावर कळायचं. गावच्या जत्रेत पोरं आधी रेवड्यांवर लढायची, मग नारळावर, मग रुपयांवर. वर जायचं तर समोरच्याची पाठ लावायची, दुसरा रस्ता नव्हता. रेवडी हरलेल्याला नारळाची कुस्ती कुणी विकत देत नव्हतं. तिथेही भानगडी होतात, मला मान्य आहे. 2025 च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि निलंबन ओढवून घेतलं. पण भांडण कशावरून झालं? पाठ टेकली की नाही टेकली यावरून. फीची पावती फाडली की नाही यावरून नव्हे. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन बघा. मल्लखांबावर पोर किती वर गेलं, तिथे काय केलं आणि कसं उतरलं हे खाली उभ्या असलेल्या कुणालाही दिसतं. त्यासाठी रंग लावावा लागत नाही.

ड्रेस फक्त तुमच्याच बॅगेतून घ्यायचा, गोव्याच्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेत गेलेल्या प्रत्येकाला पदक मिळालं, वार्षिक कार्यक्रमात कौलं फोडायची (चाळी पडल्यापासून लालबागेत कौल फक्त तुमच्याकडेच बघायला मिळतं), आणि बेल्टवर दहावीला क्रीडागुण मिळतील हा पालकांचा समज तुम्ही कधीच खोडून काढत नाही, जरी ते गुण स्पर्धेवर मिळतात, बेल्टवर नाही. या सगळ्यावर मी पान पान लिहू शकते. पण जे बोचतंय ते हे नाही.

बोचते आहे ती हिरव्या पट्ट्याची मुलगी. तिचं नाव इथे घेत नाही, तुम्हाला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना गरज नाही. नायगावातून चालत येते. आई दादरला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल. तुम्ही साडेसहाला येता, ती सहाला आलेली असते. मॅट ती घालते. लहान मुलांचा वॉर्मअप ती घेते, फुकट. पुढच्या पायाचा गुडघा कुठवर वाकवायचा, मागची टाच कशी जमिनीला चिकटली पाहिजे, हे माझ्या भाच्याला तिने शिकवलं, तेही त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून, त्याचा पाय हाताने धरून. ती लाथ मारते तेव्हा पॅड धरणारा मुलगा एक पाऊल मागे जातो आणि हसून वेळ मारून नेतो. मला कराटेतलं काही कळत नाही, पण त्या हॉलमध्ये कराटे कुणाला येतं हे मला कळतं, वॉचमनला कळतं, तुम्हाला तर कळतंच कळतं.

ती हिरव्यावर अडकली आहे, कारण पुढच्या परीक्षांची फी भरलेली नाही. दोन पावसाळे गेले.

आणि तुमच्या क्लासची शिस्त अशी की रांग बेल्टप्रमाणे लावायची. वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे. रविवारी परीक्षा संपल्यावर नव्या ब्लॅक बेल्टना पुढे बोलावलंत. माझ्या भाच्याला बेल्टची गाठ मारता येत नाही. त्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं. ती आली, खाली बसली, नवाकोरा कडक काळा पट्टा दोनदा कमरेभोवती फिरवून तिने नीट गाठ मारली, टोकं ओढून सारखी केली. मग हिरव्यांत, डावीकडे जाऊन उभी राहिली. तुम्ही म्हणालात, ‘सेम्पायना अभिवादन.’ सेम्पाय म्हणजे वरिष्ठ. ती वाकली. ‘ओस, सेम्पाय.’ नऊ वर्षांच्या पोराला, ज्याची गाठ तिने आत्ता मारली होती. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सर, मला त्या क्षणी तुमच्या अंगावर धावून यावंसं वाटलं. हे उपरोधाने लिहीत नाही. लाज वाटली नाही का तुम्हाला? शिस्त, आदर, नम्रता असं भिंतीवर मराठीत आणि खाली जपानीत लिहून ठेवलंय. आदर कुणी कुणाचा करायचा तिथे? तिने जे कमावलं आहे ते तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला विकलंत, आणि वर तिलाच त्याच्यापुढे वाकायला लावलंत. पैशाअभावी शिकवणं बंद केलं असतंत तर समजू शकले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. तिला राबवून घेतलंत आणि रांगेत मात्र खाली ठेवलंत. आणि ज्याचा यात काडीचा दोष नाही त्या माझ्या पोराला वर उभं करून त्याचीही फजिती केलीत. घरी येताना तो गप्प होता. भारतमाता टॉकीजपाशी मला म्हणाला, ‘आत्या, ताई माझ्यापेक्षा मोठी आहे ना?’

तुमच्यावर चिडूनच मी त्या रात्री तुमचा हिशेब मांडायला बसले. किती लुटता ते बघू म्हटलं. महिन्याची फी सहाशे. दोन भावंडं असली की सवलत. मे महिना गावाला म्हणून माफ. गणपतीत क्लास नसतो म्हणून अर्धी. तीसुद्धा तीन-तीन महिने थकलेली. शाळा हॉलचं भाडं मात्र तासावर घेते, गणपती असोत की नसोत. वर प्रत्येक बेल्टमागे संघटनेला पैसे धाडायचे, कारण सर्टिफिकेटवर तिथल्या मोठ्या सरांची सही हवी. या देशात कराटेच्या संघटना किती आणि खरी कुठली हे विचारूच नये. 2020 साली तर भारतीय ऑलिंपिक संघटनेने देशाच्या कराटे संघटनेचीच मान्यता काढून घेतली होती. हिशेब जुळेना. मग लक्षात आलं की जी माणसं सहाशेसाठी तुमच्याशी घासाघीस करतात, तीच माणसं बेल्टच्या परीक्षेचे चार हजार एका शब्दाने देतात, वर पेढे आणतात. शिकवण्याला पैसे द्यायला इथे कुणी तयार नाही. फोटो काढता येईल अशा गोष्टीला सगळे तयार आहेत. तुम्ही क्लासचं भाडं बेल्टमधून काढता. मुलगा नापास झाला तर त्याची आई पुढच्या महिन्यात त्याला समोरच्या स्केटिंगला घालते, हे तुम्हाला पाठ झालंय.

रविवारी खुर्च्या लावायला तुमच्या आई आल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं की तुमचे वडील 82 च्या गिरणी संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. तुम्ही म्युनिसिपल शाळेच्या गच्चीत शिकलात, ब्राऊनला बरगडी मोडून घेतलीत, आणि काळा मिळायला तुम्हाला आठ वर्षं लागली. त्या दिवशी फ्लेक्स लागला नाही, आईने शिरा केला. आता दिवसभर लोअर परळच्या टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर, आणि संध्याकाळी आमची पोरं. तुमचा गुडघा दुखतो तेव्हा तुम्ही डाव्या पायाने दाखवता, हेही माझ्या लक्षात आलंय. तुमचा बेल्ट खरा आहे, म्हणूनच जास्त राग येतो. ज्याचा खोटा असता त्याला मी पत्र लिहिलं नसतं.

तर आता मागण्या. फी दुप्पट करा. पालकसभेत बोंब होईल, त्यासाठी मी आहे. लालबागच्या बाईचा आवाज पाहुण्यांच्या माइकपेक्षा मोठा असतो. ज्यांना स्केटिंगला जायचंय त्यांना जाऊ द्या, तिथेही गुडघे फुटतात. परीक्षा वर्षातून एकदा घ्या आणि नापास करायला शिका. सुरुवात आमच्यापासून करा. भाच्याचा काळा परत घ्या. त्याला मी विचारलंय. तो म्हणाला, हिरवा चालेल, हिरव्यांत ताई असते. मी त्याला सांगितलं की ताई आता तिथे नसेल.

तेवढं खरं करा. येत्या मंगळवारी तिची परीक्षा घ्या. फी कोण भरणार हे विचारू नका. तिची आई भरू शकत नाही, आणि माझ्याकडून ती मुलगी घेणार नाही, विचारून पाहिलंय. संघटनेला काय सांगायचं ते तुम्ही बघा, इतके इंटरनॅशनल आहात तर एक फोन करा. समोर तुमचा सगळ्यात दांडगा मुलगा उभा करा आणि दोघांना लढू द्या. जो रंग निघेल तो निघेल. हिरवाच राहिला तरी ती तक्रार करणार नाही, मीही करणार नाही. पण पैशासाठी अडवलंत तर मी परत येईन, आणि या वेळी खुर्चीवर बसणार नाही.

कळावे, लोभ असावा,

आपली,
एका माजी ब्लॅक बेल्टची आत्या,
लालबाग

ता. क. ट्रॅकसूटचे बाराशे द्यायचे राहिलेत, माझ्या लक्षात आहे. मापाचा द्या, लगेच देते.