सहकुटुंब, सहसेल्फी

२ ऑक्टोबर उजाडला की आष्ट्यातही सहकुटुंब श्रमदानाला ऊत येतो. पप्पांच्या हातात कोरा खराटा, मम्मीच्या हातात मोबाईल. रस्ता सफाई कामगारांनी पहाटेच लख्ख केलेला, त्यामुळे फोटोपुरता कचरा शोधावा लागतो. धाकटं बिचारं अजाण. ते खरोखरच गटारातली गुटख्याची पुडी उचलायला वाकतं. ‘शी! टाक ती आधी!’ समाजसेवेचे संस्कार हे असे लहानपणीच होतात.

गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तन करायचे. आता आधी भाषण, मग फोटो, मग पोहे. खराट्याची पाळी येईपर्यंत ऊन चढतं. लेकरांना ऊन बाधतं, म्हणून कुटुंब घरी परततं आणि दमून जेवतं. पोरांची उष्टी ताटं आजी उचलते. तिला काय, सवयच आहे.