उसनी नखं

रात्री नखं कापू नयेत. शनिवारी कापू नयेत. उंबऱ्यावर बसून कापू नयेत, कापलेली घरात टाकू नयेत, आणि कोणी बाहेर निघालं असेल तर नेलकटर हातातसुद्धा धरू नये. एवढी पथ्यं सांभाळून जो काही वेळ उरतो, त्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नखं कापत आला आहे. पण नखं लावायची कधी, कोणत्या वारी आणि कोणत्या दिशेला तोंड करून, याबद्दल पूर्वजांनी एक अक्षर सांगून ठेवलेलं नाही. त्यामुळे भाचीच्या लग्नात ‘नेल एक्स्टेंशन’चा विषय निघाला, तेव्हा घरातल्या जाणत्या मंडळींकडे विरोध भरपूर होता, आधार मात्र नव्हता.

आईने तरी एक मुद्दा काढलाच. “अगं, नखांना श्वास तरी घेऊ दे!”

हा मुद्दा फार लोकप्रिय आहे. नखं लावून देणारेही तो सांगतात: अधूनमधून पंधरा दिवस नखं ‘मोकळी’ सोडत जा. पण नख श्वास घेतच नाही. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मेलेल्या, चपट्या पेशींचे एकावर एक थर. त्याला हवा मिळाली काय आणि न मिळाली काय. जो काही जीव आहे तो मुळाशी, कातडीखाली. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी पांढुरकी चंद्रकोर दिसते, ती त्या जिवंत भागाची बाहेर डोकावणारी कड. तिथे रक्तातून सगळा पुरवठा होतो, नवं नख तयार होतं आणि जुन्याला पुढे ढकलत राहतं.

हे ढकलणं किती सावकाश चालतं, ते विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मोजून ठेवलं आहे. स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखाची वाढ त्यांनी ३५ वर्षं नोंदवली आणि १९८० साली निष्कर्ष छापले. वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. वय वाढलं की माणसाचं काय काय मंदावतं याची यादी डॉक्टर मला दरवर्षी वाचून दाखवतात. त्या यादीत ही एकच गोष्ट अशी निघाली की जिच्यामुळे काम कमी होतं.

पण भाचीच्या दृष्टीने हिशेब वेगळा. हाताच्या बोटाचं अख्खं नख मुळापासून टोकापर्यंत नवं व्हायला सुमारे सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष. म्हणजे मार्गशीर्षातल्या मुहूर्ताला नखाला मुळाशी दुखापत झाली, तर तिची खूण ज्येष्ठापर्यंत सोबत करणार. मी हे तिला समजावून सांगितलं. त्यावर तिने इतिहास काढला.

“मामा, वाघनखं म्हणजे तरी काय रे? नकली नखंच ना?”

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती बघायला चला म्हणून घरभर भुणभुण करणारा मीच होतो. त्यामुळे गप्प बसावं लागलं. उत्तर रात्री अंथरुणावर सुचलं. वाघनखं असोत की सतार वाजवणाऱ्याच्या बोटातली नखी, जुनी नकली नखं कामाला लावायची असत आणि काम झालं की क्षणात काढून ठेवता येत. आजची नखं कुठल्याच कामाला लागत नाहीत आणि निघता निघत नाहीत. सगळं भांडण या ‘निघण्या’चंच आहे.

आजच्या ॲक्रिलिक नखांचा जन्म दंतवैद्याकडे झाला. १९५४ साली फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं नख काम करताना मोडलं. दातांसाठीचं ॲक्रिलिक हाताशी होतंच. त्याने त्याचंच तात्पुरतं नख बनवलं. पूड आणि द्रव कालवले की थोड्या वेळात दगडासारखं घट्ट होणारं हे प्रकरण पुढे बायकांच्या बोटांवर कायमचं जाऊन बसलं. सुरुवातीच्या द्रवात मिथाइल मेथाक्रिलेट असे. नखं खराब झाल्याच्या आणि त्वचेला ॲलर्जी झाल्याच्या तक्रारी आल्यावर १९७०च्या दशकात अमेरिकेच्या एफडीएने शंभर टक्के मिथाइल मेथाक्रिलेट विकणाऱ्याला कोर्टात खेचलं. आता बहुतेक ठिकाणी त्याचा सौम्य भाऊ, इथाइल मेथाक्रिलेट, वापरतात. भाऊ सौम्य असला तरी घराण्याचा स्वभाव थोडाफार उतरतोच.

शेवटी नखं लावायचं ठरलंच, आणि पर्स धरायला म्हणून मी तिच्याबरोबर नेल स्टुडिओत गेलो. तिथे दीड-दोन तास बसल्यावर माझी खात्री पटली की नकली नख स्वतः बिचारं निरुपद्रवी आहे. जे काही होतं ते त्याच्या आगमनात आणि प्रस्थानात. आगमनाच्या वेळी खऱ्या नखावर फाइल आणि छोटं ड्रिल मशीन फिरवून त्याची चकाकी घालवतात, म्हणजे वरचं नीट धरून राहावं. करणारीचा हात हलका असेल तर ठीक. जड असेल तर नख तिथेच पातळ होतं. मग क्युटिकल मागे ढकलतात किंवा कापतात. नख आणि कातडी यांच्या फटीतून पाणी, जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने लावलेलं ते सील. आपण औषधाच्या बाटलीचं सील तुटलेलं दिसलं तर दुकानदाराशी भांडतो. इथे ते तोडायचे पैसे देतो.

ॲक्रिलिकऐवजी जेल असेल तर ते घट्ट व्हायला हात यूव्ही दिव्याखाली ठेवायचा. आमची भाची पुण्याची. स्कूटीवर निघताना कोपरापर्यंत हातमोजे, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. उन्हाचा एक किरण आत शिरणार नाही. तीच मुलगी हातमोजे काढून अतिनील दिव्यात बोटं घालून निवांत रील्स बघत होती. २०२३ साली सॅन डिएगोतल्या संशोधकांनी हे दिवे प्रयोगशाळेतल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात असं दाखवलं. पेशी बशीतल्या होत्या, बोटावरच्या नव्हत्या, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण दिव्याआधी हाताला सनस्क्रीन चोपडा किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला, असं त्वचातज्ज्ञ सांगतात. हातमोजे भाचीकडे होतेच. फक्त बोटं कापायची होती, आणि त्याला ती तयार नव्हती.

खरी कसोटी प्रस्थानाची. शिस्त अशी की ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवायचा, फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मऊ झालेलं जेल हलक्या हाताने सारायचं. ॲसिटोनने नख आणि कातडी कोरडी पडते, ती तेलाने किंवा क्रीमने सावरते. पण इतका धीर कोणाला? एका कोपऱ्यातून जेल किंचित सुटलेलं दिसतं, टीव्हीवर मालिका चालू असते, आणि बोट आपोआप दाताखाली जातं. खारीचा वरचा पापुद्रा ओढावा आणि खालचे दोन सोबत यावेत, तसं नखाचं होतं. उरलेलं नख पातळ, खरबरीत, पांढऱ्या चट्ट्यांचं. मग सगळे म्हणतात, बघा, नकली नखांनी वाट लावली! नखांनी नाही हो, दातांनी.

नख लांब असलं की ते तरफेसारखं काम करतं, हेही विसरून चालत नाही. टोकावर धक्का बसला की जोर मुळाकडे जातो आणि नख खालच्या कातडीपासून सुटतं. त्या फटीत ओल राहिली की स्यूडोमोनास नावाचे जीवाणू मुक्कामाला येतात आणि नख हिरवं दिसू लागतं. मेंदीच्या हातावर हा रंग खुलत नाही.

सगळ्यात चिवट भानगड ॲलर्जीची. जेल किंवा ॲक्रिलिक पूर्ण घट्ट होण्याआधी कातडीला वारंवार लागलं, तर शरीर ते लक्षात ठेवतं, आणि ही आठवण बहुधा जन्मभर टिकते. बोटं खाजतात, फुटतात, कधी पापण्यांवर पुरळ येतं. घरच्या घरी ऑनलाइन किट मागवून करणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण दिवा एकाचा आणि जेल दुसऱ्याचं असलं की ते आतून कच्चं राहतं. याच घराण्यातली रसायनं दातात भरायच्या सिमेंटमध्ये आणि गुडघा बदलताना वापरायच्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे पंचविशीत नखांची हौस केली आणि साठीत गुडघ्याने त्याचा जाब विचारला, असं होऊ शकतं. स्लॅकने दंतवैद्याच्या खुर्चीपासून सुरू केलेली गोष्ट अशी फिरून पुन्हा त्याच खुर्चीत येते. युरोपीय संघाने जेल घट्ट करणारं टीपीओ हे रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं; पण ते ॲलर्जीसाठी नाही, प्रजननाला घातक ठरू शकतं म्हणून.

आपल्याकडच्या अडचणी आणखी वेगळ्या. आपण हाताने जेवतो. वरणभाताचं, लोणच्याच्या खाराचं एक्स्टेंशनच्या खाली काय होतं, याची कल्पना जेवतानाच केलेली बरी, नंतर नको. रुग्णांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांनी नकली नखं वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे, कारण हात कितीही धुतले तरी त्यांच्या खाली जंतू टिकून राहतात. पुरण वाटणाऱ्यांबद्दल संघटनेने काही म्हटलेलं नाही. ते काम आमच्या आईने अंगावर घेतलं. आणि हळद? दुधी रंगाचं फ्रेंच नख हळदीच्या दिवशी पिवळं पडतं. म्हणून अनुभवी नेल आर्टिस्ट नवऱ्यामुलीला आधीच बजावतात: हळद होऊ दे, मग ये.

मग स्वतःचीच नखं वाढवावीत, असं आईचं मत. पण त्यातही सुख नाही, याचा दाखला पुण्यातच आहे. श्रीधर चिल्लाल यांच्या हातून शाळेत असताना एका मास्तरांचं जपून वाढवलेलं नख मोडलं. ते जपायला काय लागतं हे तुला कळणार नाही, अशा अर्थाचं मास्तर रागाने बोलले. चिल्लाल यांनी ते कळून घ्यायला ६६ वर्षं दिली. १९५२ पासून डाव्या हाताची नखं त्यांनी कापली नाहीत; २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली; २०१४ साली मोजली तेव्हा पाच नखांची लांबी मिळून ९०९.६ सेंटिमीटर भरली होती. गिनीजमध्ये नाव लागलं, पण तो हात कायमचा निकामी झाला. शंभर टक्के अस्सल नखं होती ती.

लग्न झालं, नखं छान दिसली, फोटोत तर हातच जास्त आले. भाची शहाणी निघाली: चांगल्या ठिकाणी जाते, दाताने सोलत नाही, नख सुटलं की लगेच दाखवते, तेल लावते. तिची स्वतःची नखं ठणठणीत आहेत. फक्त लावलेल्या नखांनी लसूण सोलता येत नाही, मटार सोलता येत नाहीत, डब्याचं घट्ट झाकण निघत नाही, नव्या ताटावरचं स्टिकर निघत नाही, मोबाइलमधला सिमचा ट्रे ओढता येत नाही आणि जमिनीवर पडलेलं नाणं उचलता येत नाही. ही सगळी कामं घरात कोणीतरी करतंच. परवा दोघं जेवायला आली तेव्हा जावईबापूंची बोटं माझ्या नजरेस पडली. उजव्या अंगठ्याचं नख अर्ध्यात तुटलेलं, तर्जनीचं बाजूने चिरलेलं, बाकीच्यांच्या कडा झिजलेल्या. नकली नखांमुळे खऱ्या नखांचं नुकसान होतं, हे मला पटलं. नुकसान झालेली नखं तेवढी जावईबापूंची होती.