अठरापैकी अठरा

जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरसची परीक्षा घेते. संरक्षण, वेग, वापरसुलभता: प्रत्येकी 6 गुण, एकूण 18. निकाल आपल्या दहावीसारखा, नव्वद टक्क्यांखाली सहसा कुणी सापडत नाही. विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडरही त्यात पूर्ण गुण पटकावून जातो. पण फुकटच्या वस्तूवर भरवसा कोण ठेवणार? दुकानदार विचारतो, ‘एक वर्षाचं देऊ की तीन?’ झालं मूल्यमापन! मग तो विकतचा पहारेकरी व्हायरसपेक्षा नूतनीकरणाच्याच सूचना जास्त देतो. एवढ्यात ‘आज रात्री वीज तोडू’ असा मेसेज येतो. घरातले कर्ते मेसेजवाल्या भामट्यानं सांगितलेलं अ‍ॅप स्वतःच्या हातानं उतरवून घेतात आणि फोनवर ओटीपी वाचून दाखवतात. अगदी हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून.